मार्श कार्पेट पतंग: झाड जागोजागी दिसतं, मग पतंग इतका दुर्मिळ का?

सायंतारा

नमस्कार मंडळी. इथे कीटकांची चांगली जाण असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरच्या बाजूला एका पाणथळ राखीव जागेवर सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून जाते, म्हणजे गवत कापणं, झुडपं काढणं, चालायच्या फळ्या दुरुस्त करणं असली कामं. मागच्या जुलैत तिथे रात्री लाइट ट्रॅप, म्हणजे दिव्याने पतंग ओढून घेणारा सापळा, लावला होता, आणि सकाळी आतले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे एकेक करून उचलत होतो तेव्हा एका ट्रेच्या खळग्यात एक छोटासा पतंग बसलेला निघाला. फिकट बदामी रंग, पुढच्या पंखांवर आडवा गडद चॉकलेटी पट्टा, त्या पट्ट्याला पांढरी किनार आणि बाहेरच्या बाजूने पट्ट्यालाच एक अणकुचीदार टोक फुटलेलं. पंख पसरून तीनेक सेंटीमीटर असेल. ज्यांनी ट्रॅप लावला होता ते काका दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले मार्श कार्पेट, आणि सगळ्यांना एकेक करून जवळ येऊन बघायला लावलं.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. ते म्हणाले की ह्याच्या अळ्या फक्त मेडो रू नावाच्या झाडावर वाढतात. आता ते झाड मला माहितीये, पिवळट फुलांचे तुरे येतात, आमच्याकडे चराच्या कडेला बरंच आहे, बाहेर ओढ्यांच्या काठानेही दिसतं. मग झाड इतकं असून पतंग का नाही?

दुसरं म्हणजे, आम्हाला ऑगस्टमध्ये सांगितलं की मेडो रूच्या पट्ट्याला हातही लावू नका, आणि त्याच लोकांनी जानेवारीत सांगितलं की हा सगळा पट्टा कापून काढा, विलोची झुडपं मुळापासून उपटा. एकदा जपा म्हणायचं आणि एकदा साफ करा म्हणायचं, ह्यात काय तर्क आहे ते कुणी नीट समजावून सांगेल का? आणि तिसरं, मी माझ्या बागेत मेडो रू लावलं तर त्याचा काही उपयोग होईल का?

कोषस्थ

सायंतारा, आधी अभिनंदन! हा पतंग बघायला मिळावा म्हणून लोक जुलैच्या कितीतरी रात्री जागून काढतात.

शास्त्रीय नाव गॅजिटोडीस सॅजिटाटा, जुन्या पुस्तकांत पेरिझोमा सॅजिटाटा असं मिळेल. जिओमेट्रिडी कुळातला, म्हणजे ज्यांच्या अळ्या पाठीची कमान करत चालतात, आपले शेतकरी उंटअळी म्हणतात तो प्रकार. वर्षाला एकच पिढी. जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पतंग उडतात, मादी मेडो रूवर अंडी घालते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अळ्या वाढतात आणि मग खाली उतरून जमिनीत कोष करतात. म्हणजे वर्षातले नऊ-दहा महिने हा जीव मातीत असतो, आपण जो पतंग बघतो तो त्याच्या आयुष्याचा अगदी शेवटचा छोटा तुकडा.

आता मुख्य मुद्दा. ही अळी मेडो रू खाते एवढं सांगून भागत नाही, ती मेडो रूच्या बिया खाते, फुलं गळून गेल्यावर तुऱ्यात ज्या हिरव्या कच्च्या बिया धरतात त्या. पानांत खायला भरपूर असलं तरी बियांमध्ये नायट्रोजन जास्त असतो, वाढ पटकन होते. ह्या पतंगाच्या जवळच्या नातेवाइकांतही ही सवय दिसते, रिव्ह्युलेट नावाचा एक पतंग आहे त्याची अळी रेड कॅम्पियन नावाच्या रानफुलाच्या बोंडात शिरून आतल्या आत बिया खाते. पण कॅम्पियनचं बोंड मोठं, त्यात अळीला घर मिळतं. मेडो रूची एकेक बी इतकी बारीक की अळी तिच्यात मावणारच नाही, त्यामुळे मार्श कार्पेटच्या अळीला तुऱ्यावर उघड्यावर बसून खावं लागतं, आणि म्हणूनच ती आखूड, जाडसर, हिरवी, आजूबाजूच्या बियांच्या घोसासारखीच दिसणारी झालीये. तुरा हातात धरून बघितलात तरी पहिल्या नजरेत सापडत नाही. एखाद्या घोसात बिया कुरतडलेल्या दिसतात, खाली पानावर विष्ठेचे बारीक दाणे पडलेले दिसतात, आणि मग त्याच्या वर डोळे लावून बसलं की अचानक एक 'बी' हलते.

दुसरी गोष्ट, मेडो रू हे रॅननक्युलेसी कुळातलं झाड, बचनागाचं कुळ, आणि थॅलिक्ट्रममध्ये (हे मेडो रूच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव) बर्बेरिनसारखी अल्कलॉइडं, म्हणजे कडू विषारी द्रव्यं असतात. अशी झाडं पचवायला शरीर तसं घडवावं लागतं, आणि एकदा घडलं की मग त्याच झाडाशी गाठ पक्की होते. मेडो रू नाही म्हणून ही अळी शेजारच्या गवतावर जगेल असं होत नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. झाड असणं वेगळं आणि ऑगस्टमध्ये त्या झाडावर बियांचा तुरा असणं वेगळं. ओढ्याच्या, चराच्या काठाला मेडो रू दिसतं खरं, पण तिथे एक तर ऐन उन्हाळ्यात काठ कापले जातात म्हणजे तुरे जातात, नाहीतर वर झुडपांची सावली येते आणि मग झाड नुसती पानं काढून जगत राहतं, फुलतच नाही. हे बहुवार्षिक झाड आहे, न फुलता वर्षानुवर्षं तग धरतं. तुम्हाला झाड दिसतं, पतंगाच्या लेखी तिथे काहीच नसतं. शिवाय दोन-चार तुऱ्यांवर वस्ती टिकत नाही, एकमेकांच्या जवळ बऱ्यापैकी मोठा फुलोरा लागतो, दरवर्षी लागतो, आणि खालची माती अशी लागते की कोष हिवाळाभर सुखरूप राहील. ह्या चारही गोष्टी एका जागी जुळून येणं हेच दुर्मिळ आहे.

हा पतंग फक्त ब्रिटनचा नाही हेही सांगतो. युरोपात तुटक तुटक आहे आणि पार पूर्व आशियापर्यंत जातो. पण जिथे आहे तिथे अशाच ठिपक्या-ठिपक्यांनी आहे, ब्रिटनमध्ये तर मुख्यतः पूर्वेकडच्या फेन आणि दलदलींतच.

फेनकाठ

कोषस्थ यांनी जीवशास्त्र छान सांगितलंय, मी जमिनीबद्दल थोडं लिहितो कारण त्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

फेन म्हणजे पूर्व इंग्लंडचा सखल पाणथळ पट्टा, हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींची अर्धवट कुजलेली काळी माती, म्हणजे पीट, तिच्यावर बोरू, लव्हाळे, सेज गवत आणि मधे मधे तळी. १७व्या शतकात डच इंजिनिअर व्हर्मायडन याच्या देखरेखीखाली इथे सरळ कालवे खणून पाणी समुद्राकडे काढायला सुरुवात झाली, ओल्ड बेडफर्ड आणि न्यू बेडफर्ड ह्या नद्या नकाशात बघा, पट्टीने आखल्यासारख्या आहेत. आधी पवनचक्क्यांनी पाणी उपसायचे, १९व्या शतकात वाफेची इंजिनं आली. १८५१ मध्ये व्हिटलसी मिअर हे इंग्लंडच्या सखल भागातलं सगळ्यात मोठं तळं आटवलं. आज मूळ फेनचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग शेतीखाली गेलेला आहे.

आणि पीट कोरडी झाली की नुसती वाळत नाही, हवा लागून तिचं विघटन होतं, ती खचते, उडून जाते. होल्म फेनला एक लोखंडी खांब आहे, १८५१ मध्ये तो जमिनीत असा गाडला की वरचं टोक जमिनीच्या पातळीला राहील. आज तो सुमारे ४ मीटर जमिनीच्या वर आहे. त्याच्या शेजारी उभं राहून वर बघायचं आणि लक्षात घ्यायचं की त्या काळी जमीन तिथे वर होती.

त्याच सुमारास काय काय गेलं ते बघा. लार्ज कॉपर फुलपाखराचा ब्रिटिश प्रकार १९व्या शतकाच्या मध्याला संपला, जगात कुठेच उरला नाही. रीड टसॉक नावाचा पांढरट पतंग १८७९ नंतर ब्रिटनमध्ये दिसला नाही. रोझी मार्श मॉथ १८५१ च्या आसपास फेनमधून नाहीसा झाला. हे सगळे त्या वेळच्या संग्राहकांना चांगले माहीत असलेले जीव होते, कारण फेनमध्ये दिवे आणि चादरी लावून पतंग पकडायला लोक लांबून यायचे. तरुण डार्विनसुद्धा केंब्रिजला असताना फेनमधून बोरू आणणाऱ्या होड्यांच्या तळाचा कचरा गोळा करवून घ्यायचा, भुंगेरे मिळवायला.

मार्श कार्पेट ह्यातून वाचला, आणि वाचला तो मुख्यतः काही तुकडे कोणीतरी वेळेवर विकत घेऊन ठेवले म्हणून. विकेन फेनचा पहिला छोटा तुकडा नॅशनल ट्रस्ट ह्या वारसा जपणाऱ्या संस्थेने १८९९ मध्ये घेतला, वुडवॉल्टन फेन चार्ल्स रॉथशिल्डने १९१० मध्ये. पण तुकडा घेतला म्हणजे झालं असं नाही. आजूबाजूची शेतजमीन खचत गेली आणि विकेन फेन तिच्यापेक्षा उंचावर राहिलं, त्यामुळे आतलं पाणी सतत बाहेर झिरपतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे कडेने पाणी अडवणारा थर घालावा लागला. ज्या जागेत एके काळी पाणी काढून टाकायचा खटाटोप चालला होता तिथे आता पाणी धरून ठेवायचा खटाटोप चालतो.

त्यामुळे सायंतारा, तुम्ही ज्या पतंगाला ट्रेमध्ये बघितलंत त्याची वस्ती आता समुद्रातल्या छोट्या बेटांवर असल्यासारखी आहे. एका बेटावर दोन-तीन वर्षं वाईट गेली तर शेजारून येऊन भरून काढणारं कुणी नाही.

रानवाट७

मला एक गोष्ट पटत नाही, रागावू नका. इतक्या नाजूक गरजा असलेला एक पतंग जगवायला दरवर्षी गवत कापा, झुडपं उपटा, पाणी अडवा हे किती दिवस चालणार? निसर्गाला मोकळं सोडलं तर विलो येईल, अल्डर येईल, जंगल होईल, त्या जंगलात दुसरे पतंग येतील. आपण एका ठरावीक काळाचं चित्र गोठवून ठेवतोय असं नाही का वाटत? आणि जिथे माणसाने करवत, कोयता घेऊन सतत राबायचं त्याला निसर्ग तरी कसं म्हणायचं?

कोषस्थ

रानवाट, रागवायचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि राखीव जागा सांभाळणारे लोकही तो आपसात विचारत असतात. पण माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे आणि ते ठामपणे मांडतो.

मोकळं सोडणं म्हणजे नेमकं काय सोडणं? पूर्वीच्या फेनमध्ये झुडपं वाढायचीच, पण त्याच वेळी दुसरीकडे पूर यायचा, नदी पात्र बदलायची, मोठी गुरं चरायची, जुनं जंगल पाण्याखाली जाऊन तिथे परत बोरू आणि गवत यायचं. मेडो रू फुलेल अशी उघडी ओली जागा एका ठिकाणी मिटली तरी दुसरीकडे तयार व्हायची आणि पतंग तिकडे सरकायचा. आता तुमच्या हातात काही शे एकरांचा तुकडा आहे, चहूबाजूंनी नांगरलेलं शेत. त्यात नदी फिरत नाही. म्हणजे झुडपांना मोकळीक आहे आणि झुडपं मागे हटवणारी जी ताकद होती ती मात्र आपणच बांध घालून काढून घेतलेली आहे. अशा ठिकाणी 'काही करू नका' म्हणणं म्हणजे काही दशकांत सगळीकडे एकसारखं विलोचं रान करा म्हणणं. त्या रानात पतंग येतील हे खरं, पण बहुतेक असे की जे बाहेरही सगळीकडे आहेत. मार्श कार्पेट गेला तर तो कुठून परत आणणार?

आणि माणसाचा हात ह्या जमिनीला नवा नाहीच. विकेनला सेज गवत शतकानुशतकं कापलं गेलंय, गवताच्या छपराचा कणा शाकारायला ते लागायचं, दर तीन-चार वर्षांनी एकेक पट्टा. त्या फेरपालटात काही पट्टे नुकते कापलेले, काही वाढलेले, अशी सरमिसळ राहायची. ज्या जीवांना दोन्ही लागतं ते त्यात टिकले. गवताच्या छपराचा धंदा आटला तेव्हा झुडपं वाढली आणि सावली आली, कोणी मुद्दाम वाईट केलं नाही, नुसतं कापणं थांबलं. आता विकेनला हे काम थोडं कोनिक घोडे आणि हायलँड गुरं करतात, चरून आणि तुडवून, म्हणजे करवतीशिवायही मार्ग शोधले जातायत.

आता सायंताराच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ह्यातच आहे. ऑगस्टमध्ये हात लावू नका कारण त्या तुऱ्यांवर अळ्या आहेत, तुरा कापून ढिगात टाकला की त्या वर्षीची पिढी संपली, इतकं सरळ आहे ते. सप्टेंबर सरता सरता अळ्या जमिनीत उतरतात. जानेवारीत वरचं सगळं कापलं तरी कोष खाली मातीत आहेत, त्यांना कोयता लागत नाही. आणि कापायचं अशासाठी की वाळकं गवत साठत गेलं, विलो वाढला, की मेडो रू दडपतं आणि फुलायचं थांबतं. म्हणजे कापणं हवंच आहे, फक्त ते कधी ह्यावर सगळं अवलंबून. तेच कोयते ऑगस्टमध्ये चालले तर पतंग जातो आणि अजिबात चालले नाहीत तरी जातो, थोडा सावकाश एवढंच. फक्त विलो उपटताना एक काळजी, मेडो रूच्या अगदी बुंध्याशी माती खणून उलटीपालटी करू नये, तिथे कोष असू शकतात. तिथल्या तिथे बुंध्यापाशी कापलेलं चांगलं. तुमच्या प्रमुखांना विचारा, मुळापासून उपटायचं काम ते बहुधा मेडो रूपासून लांबच्या झुडपांना सांगत असतील.

बोरूबन

ह्यात एक भर घालते. मी नॉरफोक ब्रॉड्सच्या, म्हणजे पूर्व इंग्लंडमधल्या उथळ तळ्यांच्या प्रदेशाच्या, बाजूला पतंगांची नोंद करते आणि तिकडे एक नेमकं उलटं उदाहरण आहे, स्मॉल डॉटेड फुटमन. राखाडी-तपकिरी, अडीच सेंटीमीटरचा साधासा पतंग, पंखांवर चार-दोन ठिपके, फोटोत बघितला तर कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. ब्रिटनमध्ये तो १९६१ मध्ये पहिल्यांदा सापडला आणि आजही त्याची वस्ती ब्रॉड्समध्येच आहे. त्याला काय लागतं? वर्षानुवर्षं न कापलेला जुना बोरू, खाली वाळक्या काड्यांचा जाड थर साठलेला. तिथे दर हिवाळ्याला छान नेटकं बोरू कापत गेलात तर तो जाईल.

रीड लेपर्ड नावाच्या पतंगाचंही असंच, त्याची अळी बोरूच्या काडीत राहते आणि वाढायला दोन वर्षं घेते, मग दरवर्षी काडी कापली तर ती मोठी होणार कधी.

म्हणून एकाच राखीव जागेत कुणाला कापलेलं हवं, कुणाला न कापलेलं. मी अशी एक जागा बघितलीये जिथे उत्साहाने एका हिवाळ्यात सगळंच्या सगळं कापून काढलं, सगळीकडे स्वच्छ, फोटो सुंदर, आणि पुढच्या उन्हाळ्यात ट्रॅप जवळजवळ रिकामे. मला त्याचं अजून वाईट वाटतं. पट्टे पाडून, आळीपाळीने, आणि काही कोपरे मुद्दाम कित्येक वर्षं विसरून, असंच करावं लागतं. तुमचे लोक नुसता मेडो रूचा पट्टाच कापायला सांगतायत आणि बाजूचा बोरू तसाच ठेवतायत ना, तर ते बरोबर चाललंय.

आणखी एक, रोझी मार्श मॉथ फेनमधून गेला असं वर फेनकाठ यांनी लिहिलंय ते खरंच, पण त्याची पुढची गोष्ट सांगायला हवी. शंभराहून जास्त वर्षं तो ब्रिटनमधून संपला असं धरलं होतं आणि १९६५ मध्ये तो वेल्समध्ये सापडला, तिथल्या दलदलीत बॉग मर्टल नावाच्या झुडपावर मजेत जगत होता. तिकडे आधी कुणी नीट शोधलंच नव्हतं. त्यामुळे मार्श कार्पेटच्या बाबतीतही माहीत असलेल्या जागांच्या बाहेर शोधणं वाया जात नाही.

फेनकाठ

बोरूबन ताई, अगदी. आणि ह्याच्याच उलट लार्ज कॉपरचं, १९२७ मध्ये नेदरलँड्समधून त्याचा जवळचा प्रकार आणून वुडवॉल्टनला सोडला, पुन्हा पुन्हा पाळीव साठ्यातून भर घातली, पण शेवटी स्वतःच्या बळावर टिकला नाही. तुकडा लहान पडला. एकदा गेलेलं परत बसवणं फार कठीण, म्हणून असलेलं सांभाळा असं मी सतत म्हणत असतो. ग्रेट फेन प्रकल्पात वुडवॉल्टन आणि होल्म फेन मधली शेतं परत ओली करून जोडायचं काम चाललंय, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण त्याने बेटं मोठी होतात.

सायंतारा

इतकी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. जानेवारीचं कापणं आता डोक्यात नीट बसलं. हो, बाजूचा बोरू आम्ही ठेवलाय, आणि विलो उपटलेले सगळे चराच्या पलीकडचे होते, मेडो रूपाशी नुसते कापले होते, आता कळलं का ते.

मला आता असं वाटतंय की येत्या ऑगस्टच्या शेवटी आमच्या पट्ट्यात अळ्या शोधाव्यात, कारण काका म्हणाले होते ट्रॅपमध्ये एक आला म्हणजे तो इथलाच असेल असं नाही. हे कसं करायचं? तुऱ्यांना धक्का न लावता? आणि बागेचं कुणी बोललं नाही, ते पण सांगा.

कोषस्थ

काका बरोबर बोलले. लाइटला आलेला पतंग शेजारच्या वस्तीतून वाऱ्याने भरकटलेला असू शकतो. अळी सापडली तर मात्र प्रश्नच संपला, ती जिथे सापडली तिथेच तिचा जन्म झाला. म्हणून मी स्वतः दहा पतंगांपेक्षा एका अळीला जास्त मोल देतो.

आधी परवानगी घ्या, राखीव जागेत मळलेली वाट सोडून जायचं तर ती लागतेच. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ बघा. तुरे कापायचे नाहीत, झोडपायचेही नाहीत. देठ खालून दोन बोटांत हलकेच धरायचा, तुरा डोळ्यांच्या पातळीला आणायचा आणि उजेडाकडे तोंड करून फिरवून बघायचा, मेडो रू माणसाच्या कमरे-छातीपर्यंत वाढतं त्यामुळे फार वाकावं लागत नाही. खाल्लेल्या बिया आधी शोधा. न खाल्लेली बी फुगीर, कडांना बारीक कंगोरे असलेली दिसते, खाल्लेलीचं नुसतं टरफल किंवा अर्धी वाटी उरते. एखाद्या तुऱ्यावर अशा सलग खाल्लेल्या बिया दिसल्या की आजूबाजूच्या देठांवर बघा, अळी दिवसा स्थिर बसते आणि त्या वेळी शोधायला जड जाते, संध्याकाळी हालचाल सुरू झाली की सोपं पडतं. सापडली की तिथल्या तिथे फोटो, वरून एक आणि बाजूने एक, आणि तुरा सावकाश सोडून द्यायचा. घरी आणून वाढवायचा मोह आवरा, इतक्या छोट्या वस्तीतून एकही काढू नये असं माझं मत आहे.

नुसती अळ्यांची नोंद ठेवू नका, किती देठांना तुरे होते आणि कितींना नव्हते तेही लिहा. पुढच्या वर्षी कुठला पट्टा कापायचा हे ठरवताना सगळ्यात उपयोगी आकडा तोच असतो. अळी सापडली नाही तरी ती पाटी कोरी सोडायची नाही, तारीख, जागा आणि 'बघितलं, नाही मिळाली' असं लिहून ठेवायचं. सगळं तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मॉथ रेकॉर्डरकडे, म्हणजे पतंगांच्या नोंदी गोळा करणाऱ्याकडे पाठवा, प्रत्येक काउंटीला असा एक जण असतो आणि फोटो बघून तो खात्री करून देतो. १९६८ ते २०१७ ह्या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची संख्या ३३ टक्क्यांनी घटली हे आपल्याला कळलं ते अशाच वर्षानुवर्षं न कंटाळता लिहिलेल्या नोंदींमुळे.

जुलैत परत ट्रॅप लावाल तेव्हा ढगाळ, उबदार, वारा नसलेली रात्र निवडा, चांदणं लख्ख असेल तर फार काही येत नाही. सकाळी पतंग सोडताना ट्रॅपजवळ सोडू नका, रॉबिन आणि रेन पक्ष्यांना ट्रॅपची जागा दोन-तीन दिवसांत पाठ होते आणि ते येऊन बसतात. दाट गवतात, सावलीत, खाली सोडा.

आता बाग. लावा, जरूर लावा, माती ओलसर आणि ऊन भरपूर असेल तर मेडो रू चांगलं येतं आणि मधमाश्या, सिर्फिड माश्या परागासाठी येतात. फक्त दोन गोष्टी. नर्सरीत बऱ्याचदा निळसर पानांचं ग्लॉकम म्हणून विकतात ते दक्षिण युरोपातलं, तुमच्या फेनचं नाही. ते राखीव जागेच्या जवळ लावू नका, दोन्हींची सरमिसळ होऊ शकते. स्थानिक बियांपासून केलेली रोपं मिळतात का ते बघा. आणि दुसरं, बागेतल्या चार रोपांवर मार्श कार्पेट येईल अशी आशा धरू नका, जवळच वस्ती असेल तरच, आणि तेव्हाही फार थोडी. पण तुमच्या जागेचा मालक तयार असेल तर चराच्या पलीकडे, जिथून विलो काढलाय, तिथे तिथल्याच मेडो रूचं बी पेरता येईल. बी सप्टेंबरच्या शेवटी गोळा करा, अळ्या उतरून गेल्यावर, सगळ्या तुऱ्यांतून थोडं थोडं, आणि लगेच पेरा म्हणजे हिवाळ्याची थंडी त्याला मिळेल. उगवून फुलायला दोनेक वर्षं जातील.

बोरूबन

आणि पेरलेल्या पट्ट्याच्या कडेला खुणेचे खुंट ठोका आणि नकाशात लिहून ठेवा. नवीन स्वयंसेवक आले की पहिल्याच ऑगस्टमध्ये कुणीतरी यंत्र फिरवतं.